दुरून पाखरे साजरी

कार्तिक सरत आला की मध्य गुजरातच्या हवेत एक निर्मळ गारवा उतरतो. पावसाळ्याने भरून ठेवलेली तळी अद्याप आटलेली नसतात. काठचे पाणी मात्र हळूहळू मागे सरकते, चिखल उघडा पडतो आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी त्या चिखलात चोची खुपसू लागतात. नेमक्या याच दिवसांत घरोघरचे कॅमेरेही कपाटाबाहेर पडतात. पशुपक्ष्यांची आणि रानावनाची छायाचित्रे काढण्याचा छंद आता आपल्या घरांत चांगलाच रुजला आहे. आजोबांच्या हाती कॅमेरा असतो, नातीच्या हाती मोबाईल असतो आणि दोघांचा प्रश्न एकच असतो: "चित्र चांगले यावे म्हणून कोणता कॅमेरा घ्यावा?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न विचारणे मला अगत्याचे वाटते. आपण त्या पाखरापासून किती अंतरावर उभे राहणार आहात? छायाचित्र बिघडते ते बहुधा हे अंतर चुकल्यामुळे. कॅमेऱ्याचा दोष त्यात फार थोडा असतो. शिवाय या चुकीची किंमत दर वेळी छायाचित्रकारच मोजतो असे नाही; कित्येकदा ती घरट्यातील अंड्यांना मोजावी लागते. "दुरून डोंगर साजरे" ही म्हण आपण एरवी थोड्या कुत्सितपणे वापरतो. पाखरांच्या बाबतीत ती सरळ आणि चांगल्या अर्थाने खरी आहे. ते अंतर कसे राखावे आणि राखूनही उत्तम चित्र कसे मिळवावे, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

जागा दाराशीच आहे

चित्रे काढावयाची तर गीर किंवा ताडोबाच गाठले पाहिजे, अशी एक समजूत आहे. ती मनातून काढून टाकावी. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर, डभोई तालुक्यात, वढवाणा तलाव आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० च्या सुमारास, शेतीला पाणी मिळावे म्हणून तो बांधला गेला. पाणी शेतकऱ्यांसाठी साठविले होते. पाखरे आपण होऊन आली. २०२१ साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत या तलावाचे नाव दाखल झाले. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे पट्टकादंब हंस येथे हिवाळ्यात दिसतात. पश्चिम भारतात एरवी विरळाच भेटणारी मोठी लालसरी नावाची बदके येथे दर वर्षी उतरतात. आणि वारकऱ्यांची तर दिंडीच असते! काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेल्या या पाणपक्ष्याला ज्याने 'वारकरी' म्हटले, त्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते.

ही गोष्ट एकट्या बडोद्याची नाही. इंदूरचे यशवंतसागर आणि सिरपूर हे तलाव होळकरांच्या राज्यातले. शिवपुरीचा सख्यसागर शिंद्यांच्या राज्यात १९१८ साली झाला. या तिन्ही तलावांची नावे २०२२ साली त्याच यादीत गेली. ज्यांच्या चाकरीच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा महाराष्ट्र सोडून या मुलखांत आले, त्याच राजघराण्यांनी बांधलेली तळी आज पाखरांची आश्रयस्थाने झाली आहेत. हैदराबाद, बंगळूर, भोपाळ येथील वाचकांनाही आपापल्या गावात एखादे तळे सहज सापडेल. तेही नसेल तर गच्चीवरून दिसणारा निंब आणि त्यावरचा दयाळ पुरे आहे.

पहिले वर्षभर एकच जागा धरावी. दर रविवारी नव्या ठिकाणी धावणाऱ्यापेक्षा एकाच तळ्यावर दहा वेळा जाणाऱ्यास अधिक चांगली चित्रे मिळतात. कोणते पाखरू कोणत्या खुंटावर बसते, सूर्य कोणत्या बाजूने चढतो, गुरे पाण्यावर केव्हा येतात, हे त्यालाच ठाऊक झालेले असते.

उजेडाची वेळ

डिसेंबरअखेर बडोद्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तेथून साडेनऊपर्यंतचा आणि सायंकाळी मावळतीपूर्वीचा दीड तास, एवढाच उजेड छायाचित्राला खरा मानवतो. त्या वेळी ऊन तिरपे असते, पिसांच्या घड्या आणि झाडाच्या सालीवरील रेषा उठून दिसतात आणि पाखराच्या डोळ्यात उजेडाचा एक ठिपका चमकतो. हा ठिपका नसेल तर जिवंत पाखरूही पेंढा भरल्यासारखे दिसते. दुपारच्या उभ्या उन्हात पाठ पांढरी पडते आणि पोट काळोखात जाते. शिवाय तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असल्याने लांबचे चित्र कितीही किमती भिंगातून काढले तरी रेखीव येत नाही.

सूर्य आपल्या पाठीशी असावा हा पहिला पाठ. आपली सावली पाखराच्या दिशेने पडत असेल तर उजेडाची दिशा बरोबर आहे असे समजावे. मात्र ती त्याच्या अंगावर पडेल इतके जवळ जाऊ नये. हा पाठ पक्का झाल्यावर मग सूर्यासमोर तोंड करून, धुक्यातील बाभळीची किंवा पाण्यावरच्या पाणकावळ्याची नुसती आकृती टिपण्याचा प्रयोग अवश्य करावा.

वाऱ्याकडेही लक्ष असावे. पाखरे उडताना आणि उतरताना वाऱ्याला सामोरी जातात. त्यामुळे वारा आपल्या पाठीवर असेल तर पाखराचे तोंड आपल्याकडे असते; उलट असेल तर शेपट्यांचीच चित्रे पदरी पडतात. जांबुघोड्याच्या जंगलासारख्या ठिकाणी सस्तन प्राणी पाहावयाचे असतील तर मात्र हा नियम उलटा होतो. तेथे वारा आपल्या तोंडावर यावयास हवा, नाहीतर आपला वास आपल्या आधी पोहोचतो.

चालण्यापेक्षा बसणे

"थांबला तो संपला" असे आपण मुलांना सांगतो. या एका छंदात थांबला तोच जिंकतो. गणिताचा थोडा आधार घेऊन पाहू. पाखरापासूनचे अंतर निम्मे झाले की चित्रातील त्याची उंची दुप्पट होते आणि त्याने व्यापलेली जागा चौपट होते. म्हणूनच जवळ जाण्याचा मोह अनावर होतो. परंतु अंतर दोन रीतींनी निम्मे होऊ शकते: आपण पाखराकडे गेलो तर, किंवा पाखरू आपल्याकडे आले तर. पहिल्या रीतीत पाखरू बहुधा उडून जाते. दुसरीत ते चरत, डुलत, निर्धास्तपणे जवळ येते आणि चित्रात त्याचा तो निर्धास्तपणाही उतरतो.

यासाठी उजाडण्यापूर्वी जागेवर जाऊन बसावे. कपडे मातकट किंवा पानांच्या रंगाचे असावेत. पांढराशुभ्र सदरा आणि अत्तर घरी ठेवावे. झाडाच्या बुंध्याला किंवा बांधाला टेकून बसले म्हणजे माणसाची उभी आकृती मोडते, आणि पाखरे बिचकतात ती मुख्यतः त्या आकृतीला. पहिली पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा उचलूच नये. टिटवीचा कलकलाट शमला, बगळे पुन्हा मासे पाहू लागले, म्हणजे तळ्याने आपल्याला सामावून घेतले असे समजावे. मोटारीत बसून, काच खाली करून काढलेली चित्रेही पुष्कळदा उत्तम येतात. पाखरे गाडीला फारशी भीत नाहीत, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला भितात.

पाखराची भाषा ओळखावयास शिकले पाहिजे. चरता चरता त्याने मान ताठ केली, खाणे थांबविले, आपल्यापासून तिरके चालत दूर जाऊ लागले, की आपण मर्यादेवर आहोत. तेथेच थांबावे. त्याने पंख किंचित उचलले किंवा विष्ठा टाकली तर ते उडण्याच्या बेतात आहे. अशा वेळी एक पाऊल मागे घेणाऱ्याला पुढच्या दहा मिनिटांत चित्र मिळण्याची आशा असते. पुढे टाकणाऱ्याला ती नसते. हिमालयापलीकडून आलेल्या हंसांचा थवा कोणी एका चित्रापायी उठविला, तर त्या चित्राला लागणारी शक्ती हंसांच्या शिदोरीतून खर्च होते. परतीच्या प्रवासासाठी ती त्यांनी येथेच, याच चिखलात चरून साठवावयाची असते.

पाखरांच्या सवयी माहीत असल्या की प्रतीक्षा आंधळी राहत नाही. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन माशी पकडतो आणि बहुधा त्याच जागी परत येतो. त्याच्या मागे भिंग फिरविण्यापेक्षा त्या तारेवर नेम धरून बसावे. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबतो आणि मग सूर मारतो. तो थांबलेला क्षण आपला. भारतात १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाघांची छायाचित्रे घेतली ती याच तत्त्वावर. वाघाच्या वाटेवर तार लावावयाची, वाघाचा धक्का लागला की कॅमेरा चालावयाचा आणि रात्री प्रकाश पडावयाचा. चित्र निघताना माणूस तेथे नसेच. त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. आज व्याघ्रगणनेसाठी जंगलात बसविले जाणारे कॅमेरे त्याच कल्पनेचे वंशज होत.

यंत्राकडून काय मागावे

आता कॅमेऱ्याकडे वळू. तीनशे मिलीमीटरचे भिंग असेल तर हातात धरून चित्र घेताना शटरचा वेग १/३०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. चारशेचे असेल तर १/४०० पेक्षा. हा जुना ढोबळ नियम आजही उपयोगी आहे. नव्या भिंगांत हाताचा कंप शोषून घेण्याची सोय असते. तिने आपला हात स्थिर होतो, पाखरू स्थिर होत नाही. चालत्या पाखरासाठी १/५०० आणि उडत्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंद वेग लागतो. उजेड कमी पडल्यास आयएसओ वाढवावा. थोडे दाणेदार चित्र पत्करते, हललेले पत्करत नाही.

नेम नेहमी डोळ्यावर धरावा. डोळा रेखीव असेल तर शेपूट किंचित पुसट झाली तरी चित्र उभे राहते. कॅमेरा पाखराच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा. पाणपाखरांसाठी त्याकरिता जमिनीवर पालथे पडावे लागते आणि कपडे मळतात. पण उभ्याने काढलेल्या आणि पडून काढलेल्या चित्रांत जो फरक दिसतो, तो नव्या भिंगाच्या खरेदीनेही दिसत नाही.

प्रकाशमापकाची एक खोड ध्यानात असावी. समोर जे दिसेल ते सरासरीने मध्यम छटेचे आहे असे तो मूलतः धरून चालतो. त्यामुळे काळसर पाण्यावर एकटा बगळा असला की कॅमेरा उजेड वाढवितो आणि बगळ्याची पिसे चुन्यासारखी सपाट होतात. तेथे अधिक-उणेच्या कळीने उजेड पाऊण ते एक पायरी कमी करावा. उजळ आकाशापुढे बसलेल्या कोतवालाच्या बाबतीत उलट, एक ते दीड पायरी वाढवावा.

तिपाई नसेल तर अडू नये. जुन्या पँटच्या पायाचा हातभर तुकडा कापून त्याची दोन्ही तोंडे शिवावीत आणि आत दोन किलो वाटाणे किंवा मठ भरावेत. ही पिशवी मोटारीच्या खिडकीवर, बांधावर किंवा दगडावर ठेवली की भिंग तिच्यात स्थिर बसते.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाईल आहे त्यांनी खंत करू नये. त्याची मर्यादा मात्र ओळखावी. पडद्यावर बोटे पसरून मोठे केलेले चित्र पुष्कळदा नुसते ताणलेले असते. मोबाईलने पाखराचा चेहरा टिपण्याचा हट्ट सोडून त्याचे घर टिपावे: पहाटेचे तळे, पाण्यावरचे धुके आणि एका कोपऱ्यात लहानसा सारस. अशा चित्रात पाखरू कोठे राहते, काय खाते, त्याच्या शेजारी कोण असते, हे सारे येते. नुसत्या चेहऱ्याच्या चित्रात ते येत नाही. जवळचे काही हवे असेल तर कोळ्याचे दवाने ओथंबलेले जाळे, फुलपाखरू, वडाच्या पारंब्या आणि भिंतीवरचे शेवाळ आहेच. येथेही मागची बाजू मोकळी आणि शांत आहे ना, हे आधी पाहावे. दोन पावले डावीकडे सरकल्याने मागचा विजेचा खांब चित्रातून जातो, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

विश्वामित्रीच्या मगरी

अंतराचा विचार आम्हा बडोदेकरांना टाळताच येत नाही, कारण आमच्या नदीत मगरी आहेत. पावागडावर उगम पावणारी विश्वामित्री शहराच्या मधून, कमाटीबागेतून वाहते आणि तिच्या पात्रात शेकडो मगरी नांदतात. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत हे दृश्य इतरत्र क्वचितच पाहावयास मिळेल. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना काळ्या घोड्याच्या पुलावरून मगर दाखविणे हा आमच्याकडील आतिथ्याचा एक भाग झाला आहे.

मगरीचे चित्र काढण्यास हिवाळाच उत्तम. तिचे रक्त थंड, म्हणून अंग तापविण्यासाठी ती काठावर येऊन पडते. परंतु पहाटे येत नाही, ऊन चांगले चढल्यावर येते. म्हणून येथे उजेडाचा नियम थोडा सैल करून साडेनऊ ते अकरा ही वेळ धरावी. जबडा उघडा ठेवून पडलेली मगर रागावलेली नसते. अंगातील उष्णता अशा रीतीने ती आवरत असते.

चित्र पुलावरूनच काढावे. वाहनांच्या रहदारीकडे पाठ करून न थांबता पदपथावर, कठड्याशी उभे राहावे. काठावर उतरू नये. पाण्यावर मगरीचे केवळ डोळे आणि नाकपुड्या दिसतात, आणि गढूळ पाण्यात तेवढेही दिसेलच असे नाही. जी मगर दिसते तिच्यापासून धोका कमी. न दिसणारीपासून तो अधिक. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात माद्या काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर येईपर्यंत जवळपास राखण करतात. त्या दिवसांत काठावर जाणारा माणूस तिच्या दृष्टीने अंडीचोर असतो. मगरीने हालचाल करावी म्हणून दगड मारणे किंवा मांसाचे तुकडे टाकणे हे तर निव्वळ पोरकट आहे. माणूस दिसला की खाणे मिळते, अशी गाठ एकदा तिच्या मनात पडली की तिची शिक्षा छायाचित्रकाराला होत नाही. नदीवर कपडे धुणाऱ्या बाईला होते.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा तिच्याबरोबर मगरीही वस्त्यांत आल्या. त्या दिवसांतील चित्रफिती देशभर फिरल्या. वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी अनेक मगरी पकडून सुरक्षित स्थळी सोडल्या. अशा प्रसंगी आपल्या हाती मोबाईल असला तरी आपले काम एकच असते: मागे सरकणे, मुलांना मागे सारणे आणि वनखात्यास कळविणे. घेरलेली मगर पळवाट शोधते; गर्दी ती पळवाटच बंद करते.

घरटे दिसल्यावर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरट्याचे छायाचित्र नवशिक्याला सर्वांत सोपे वाटते, कारण पाखरू तेथे परत येणारच असते. नेमके म्हणूनच ते काढू नये.

टिटवीचेच पाहा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत ती उघड्या जमिनीवर, चार खड्यांमध्ये, चार अंडी घालते. तिने अंडी उंचवट्यावर घातली म्हणजे पाऊस चांगला, असे आमच्याकडील शेतकरी मानतात आणि दर उन्हाळ्यात त्याची चर्चा होते. एप्रिल-मेमध्ये येथे पारा बेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती मुख्यतः सावली धरण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी गारही करते. आपण जवळ गेलो की ती उठते, डोक्यावर घिरट्या घालून ओरडते, आणि आपण मात्र तिचे उडते चित्र काय सुरेख मिळाले म्हणून खूष होतो. तेवढ्या वेळात खाली उघड्यावर पडलेली अंडी भाजत असतात. शिवाय माणूस कोठे घुटमळतो, हे कावळा झाडावरून पाहत असतोच. टिटवी डोक्यावर ओरडू लागली की खाली पाहावे आणि आल्या पावली, त्याच वाटेने परत फिरावे.

आमच्या शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात एका एप्रिलमध्ये टिटवीने अंडी घातली. मुलांनी तीस पावलांवर चुन्याची रेघ ओढली आणि तिच्या आत कोणी जावयाचे नाही असा ठराव केला. क्रिकेटची खेळपट्टी दुसरीकडे हलली. छायाचित्रे काढावयाची ती पहिल्या मजल्यावरील वर्गाच्या खिडकीतून, असे ठरले. मुले पाळीपाळीने खिडकीत बसून वहीत वेळ लिहीत: आई केव्हा उठली, बाप केव्हा बसला, कुत्रे आले तेव्हा काय झाले. सुमारे चार आठवड्यांनी तीन पिले बाहेर पडली. एक अंडे उमलले नाही. पिले दुसऱ्याच दिवशी आईमागे चालत मैदान ओलांडून गेली. काढलेल्या चित्रांत टिटवी अंगठ्याएवढी दिसते. पण तिची दिनचर्या त्या वर्गाला जितकी ठाऊक झाली, तितकी कोणत्याही मोठ्या चित्राने झाली नसती.

खेडा आणि आणंद या जिल्ह्यांतील भातखाचरांत सारसाची जोडपी पावसाळ्यात घरटी करतात. बहुधा दोनच अंडी. तेथे उभ्या पिकातून वाट काढीत जाणारा छायाचित्रकार सारसाचे आणि शेतकऱ्याचे, दोघांचेही नुकसान करतो. शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून, लांबून जे मिळेल ते घ्यावे. मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणे हीसुद्धा अशीच एक फसवणूक आहे. विणीच्या काळात नराला वाटते, कोणी प्रतिस्पर्धी हद्दीत शिरला; तो चारा आणण्याचे सोडून नसलेल्या शत्रूला शोधीत फिरतो.

कायदाही येथे स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला आमिष दाखविणे आणि पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. म्हणजे बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो.

तारीख लिहून ठेवावी

घरी परतल्यावर दोन कामे राहतात. पहिले भिंगाचे. आपल्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या बंद पिशवीत महिनोन् महिने न ठेवता, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि अधूनमधून वापरावा. गारेगार मोटारीतून एकदम बाहेर आल्यावर भिंगावर दव धरते. ते पुसत बसू नये, दहा मिनिटे थांबावे, आपोआप जाते.

दुसरे काम नोंदीचे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. प्रत्येक चित्राबरोबर दिनांक, वेळ, ठिकाण आणि पाखरे किती होती हे लिहावे. दुर्मिळाच्या मागे लागून नेहमीच्या पाखरांना वगळू नये. १९८० च्या दशकापर्यंत गिधाडे गावोगावी इतकी होती की त्यांचे छायाचित्र काढावे असे कोणाला वाटले नाही. १९९० च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करतो, हे कळेपर्यंत बहुतेक गिधाडे गेली होती. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आज एखाद्या जुन्या आल्बममध्ये गावकुसाबाहेरच्या झाडावर बसलेल्या गिधाडांचे चित्र तारखेसह सापडले, तर ते अभ्यासकाला सोन्याच्या मोलाचे वाटेल. आपण आज सहज टिपलेली चिमणी पन्नास वर्षांनी कोणाच्या कामी येईल, हे आज सांगता येत नाही. तारीख नसेल तर मात्र ती कामी येणार नाही, एवढे नक्की.

या महिन्यासाठी वाचकांना एक छोटा अभ्यास सुचवितो. जवळचे एक तळे किंवा एक झाड निवडावे. चार रविवार तेथेच, त्याच वेळी, तासभर बसावे. पहिल्या रविवारी कॅमेरा नेऊ नये. केवळ पाहावे आणि लिहावे. उरलेल्या तीन रविवारी मिळून दहाच चित्रे काढावीत आणि त्यांतील एक निवडून, मुलांसह सर्वांनी, या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावे. कॅमेरा कोणता होता ते कळविण्याची आवश्यकता नाही. चित्रामागे दिनांक, ठिकाण आणि अंदाजे अंतर लिहावे, आणि आपण उठून निघालो तेव्हा पाखरू तेथेच होते की उडून गेले, तेही लिहावे. निवड करताना प्रथम ती ओळ वाचली जाईल.